चेंगदूत ‘जरा तिखट कमी’ म्हणू नका

वाचकांचे प्रश्न : या वेळी सिचुआनी जेवण

चेंगदू ही चीनमधल्या सिचुआन प्रांताची राजधानी. गेल्या अंकात मी तिथल्या चहाघरांवर लिहिलं, आणि पत्रं आली ती सगळी जेवणाबद्दल. चहाचं एकानंही विचारलं नाही. हरकत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं मी त्या शहरात संसार केला. मी वेंगुर्ल्याची, मासे-कोंबडी खाणारी, गोमांस न खाणारी. सासूबाई पक्क्या शाकाहारी आणि त्या तिथे येऊन राहिल्याही होत्या. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या पानांची काळजी मी वाहिली आहे. निवडक पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीला चिंचवडला. कंपनी तीन महिन्यांसाठी चेंगदूला पाठवते आहे. पहिल्याच शनिवारी तिथले साहेब सगळ्यांना हॉटपॉट खायला नेणार आहेत म्हणे. तिखटाचं मला काही वाटत नाही, तांबड्या रश्श्यावर वाढलोय. पण मी बीफ खात नाही. दुसऱ्या महिन्यात बायको येईल. ती अंडं खाते, मांस-मासे नाही. हॉटेलात काय मागवावं, काय टाळावं, आणि तिच्यासाठी तिखट कमी करायला कसं सांगावं?

उत्तर : आधी तांबड्या रश्श्याचं बोलू. मिरचीपुरते तुम्ही निभावून न्याल, त्यात शंका नाही. पण तिथे मिरची एकटी येत नाही, सोबत ह्वाच्याओ घेऊन येते. आपल्या तिरफळाच्या कुळातलं हे फळ, त्यालाच सिचुआनी मिरं म्हणतात. त्याचं वाळलेलं साल वापरतात आणि ते जिभेला तिखट लागत नाही, जीभ बधिर करतं. ओठ झिणझिणतात, थुंकी सुटते, पाणी प्यायलात तर पाणीच खारट-आंबट लागल्यासारखं वाटतं. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे ओठांवर मोजून पाहिलं. सेकंदाला साधारण ५० कंपनं व्हावीत तसा भास ह्वाच्याओतल्या सॅन्शूल नावाच्या द्रव्यानं होतो. म्हणजे तो चवीपेक्षा स्पर्शाचा मामला आहे. कोल्हापूरची तालीम इथे उपयोगी पडत नाही. पहिल्या घासाला घाबरून डॉक्टर शोधू नका, वीसेक मिनिटांत ओठ पूर्ववत होतात.

आता ‘तिखट कमी करा’चं. हे वाक्य तिथे शिकूच नका. सिचुआनी स्वयंपाकात तिखट वरून भुरभुरलेलं नसतं. फीश्येन हे चेंगदूला लागून असलेलं गाव, आता शहरातच जमा. तिथे बाकल्याचे दाणे, लांबट लाल मिरच्या, मीठ आणि थोडं गव्हाचं पीठ मातीच्या रांजणांत घालून उन्हात ठेवतात, दिवसा ढवळतात, रात्री उघडं टाकतात, पावसात झाकतात. असं वर्षभर, कधी त्याहून जास्त. त्यातून जो गडद लाल खारट लगदा तयार होतो तो दोउबान. मीठ, रंग, आंबवलेला वास, मिरची, सगळं त्या एकाच चमच्यात येतं. आचाऱ्याला तिखट कमी करायला सांगितलंत की तो हा चमचा अर्धा करतो, आणि पदार्थाचं मीठ-मसाला-वास सगळंच अर्धं होतं. मापो टोफू, म्हणजे दोउबानाच्या लाल रश्श्यातला टोफू, असा ‘कमी’ करून मागवणारे परदेशी मी पाहिले आहेत. मग तेच म्हणतात, यात एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे! शिवाय ‘वेइला’, म्हणजे किंचित तिखट, हा तिथला सर्वांत खालचा आकडा, आणि तो त्यांच्या जिभेनं ठरवलेला. शेजारच्या चोंगचिंग शहरात तर वेइला म्हणजे निव्वळ सभ्यतेनं उच्चारलेलं तिखट.

त्याऐवजी जे मुळातच तिखट नाही ते मागवा. सिचुआनचे आचारी चवीचे २४ प्रकार मोजतात, आणि त्यातले झणझणीत थोडेच. आंबटगोड आहे, लसणीचं आहे, आल्याच्या रसाचं आहे, नुसतं खारट-सुवासिक आहे. चार माणसांचं टेबल असेल तर एक झणझणीत, एक आंबटगोड, एक नुसती लसणीवर परतलेली हिरवी पालेभाजी, एक फिकं सूप, आणि भात. तिथले लोक असंच मागवतात. सगळं लाल मागवणारा माणूस बहुधा बाहेरून आलेला असतो, बहुतेक वेळा आपलाच. भात मात्र आठवणीनं सुरुवातीलाच आणायला सांगा. यजमानांच्या मेजवानीत तो शेवटी येतो, कारण भात आला म्हणजे आता पोट भरून उठा असा अर्थ. ‘मीफान’ एवढा शब्द पुरेसा आहे.

आता शनिवारचं हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळणाऱ्या रश्श्याच्या पातेल्यात एकेक जिन्नस बुडवून शिजवून खायचं. इथे तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटीत नाही, पातेल्यातच असते. जुन्या चोंगचिंग पद्धतीचा लाल रस्सा गाईच्या चरबीत करतात. घट्ट विटेसारखी लाल ढेप पातेल्यात ठेवतात आणि ती तुमच्यासमोर वितळते. म्हणजे तुम्ही त्यात फक्त बटाटा बुडवलात तरी बीफ टळलं नाही. या चरबीला न्यूयोउ म्हणतात. तुम्ही ‘छिंगयोउ’ मागायचं, म्हणजे वनस्पती तेलाचा रस्सा. चेंगदूत तो बहुतेक ठिकाणी मिळतो, कट्टर चोंगचिंग-छाप दुकानात मिळेलच असं नाही. म्हणून हे शनिवारी टेबलावर बसल्यावर सांगू नका, आदल्या दिवशी साहेबांच्या सहायकाला सांगा. चिनी माणसाला पाहुण्याचं पथ्य आधी कळलं तर तो शहर उलथंपालथं करून सोय करतो. आयत्या वेळी कळलं तर त्याचाच अपमान झाल्यासारखं होतं.

छिंगयोउ मिळालं की दोन कप्प्यांचं पातेलं घ्या, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला फिकं. फिक्यातही मेख आहे, तो बहुधा हाडांचा किंवा कोंबडीचा रस्सा असतो. तुम्हाला चालेल, बायकोला नाही. मांसाच्या पातळ कापांच्या ताटल्या येतील, त्यात बीफ असणारच. ते इतरांनी त्याच पातेल्यात बुडवलं तर तुम्हाला चालणार आहे का, हे घरूनच ठरवून जा. चालणार नसेल तर प्रत्येकाला स्वतंत्र छोटं पातेलं देणारी हॉटपॉटची दुकानंही आहेत. ‘श्याओ हुओगुओ’ असं सांगा. आपल्याकडच्या उष्ट्या-खरकट्याच्या कल्पनेलाही तेच सोपं जातं, कारण मोठ्या पातेल्यात सगळ्यांच्या काड्या जातात. वाढायच्या वेगळ्या काड्या मागितल्या तर हल्ली कुणी वाईट मानत नाही.

बुडवायचं कसं? चोंगचिंगकर चरबीइतकंच प्रेम गाईच्या पोटाच्या खरखरीत पडद्यावर करतात, त्याला माओदू म्हणतात. त्याचा नियम ‘सात वर, आठ खाली’, म्हणजे काडीत धरून तेवढ्या वेळा उकळत्या रश्श्यात वर-खाली करायचं, पंधराएक सेकंदांत खाऊन टाकायचं. तुमच्या कामाचं नाही, पण टेबलावर सगळे एकदम ते करू लागले की काय चाललंय ते कळावं म्हणून सांगितलं. तुम्ही कमळकाकडीचे काप, गोठवलेला टोफू, टोफूची साय, कोवळे बांबू, कोहळ्याचे तुकडे, कोळंबीचे गोळे मागवा. पालेभाजी लाल बाजूला कधीही टाकू नका. पानांच्या घड्यांत तेल आणि ह्वाच्याओचे दाणे अडकतात आणि तो एक घास सगळ्या जेवणावर पाणी फिरवतो. पाला फिक्या बाजूला. आणि गडद तांबूस रंगाच्या, अगदी टोफूसारख्या दिसणाऱ्या वड्या आल्या तर थांबा, ते बदकाचं गोठवलेलं रक्त असतं.

चटणीच्या टेबलावर पंचवीस भांडी दिसतील. हात आवरा. सिचुआनात वाटीत तिळाचं तेल, ठेचलेली लसूण, कोथिंबीर आणि चिमूटभर मीठ एवढंच घेतात. उकळत्या रश्श्यातून काढलेला तुकडा त्यात बुडवला की तो निवतो आणि तिखट बरंचसं त्या तेलात उतरतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून गार बिअरनं आग शमत नाही, फक्त बिअर संपते. दूध-दही बरं. बाटलीतलं गोडसर सोया दूध तिथे हॉटपॉटबरोबर हमखास पितात. शेवटी ‘बिंगफेन’ घ्या, थरथरती पारदर्शक जेली, वर गुळासारख्या साखरेचा पाक, बेदाणे, दाणे. हे शाकाहारी आहे आणि माझ्या मते हॉटपॉटपेक्षा सरस आहे, पण हे मत चेंगदूत मोठ्यानं बोलायचं नाही.

आणि ते लाल तेल प्यायचं नसतं! आपण मिसळीचा कट मागून मागून घेतो, त्या सवयीनं पुणेकर पाहुण्यांनी वाटीत रस्सा ओतून घेतलेला मी पाहिला आहे. तिथे तेल हे शिजवण्याचं आणि वास देण्याचं साधन आहे. तेलावर तरंगणारे माशाचे काप आले तर काप उचलायचे, तेल तसंच ठेवायचं. कोंबडीचे तुकडे सुक्या मिरच्यांच्या ढिगात पुरून आले तर मिरच्या बाजूला करत कोंबडी शोधायची. तो ढीग टाकून द्यायचाच असतो. तेलावरून आठवलं, काही दुकानं जुनं रश्श्याचं तेल गाळून पुन्हा वापरत, त्यावर बंदी आहे. चांगली दुकानं ‘एकदाच वापरायचं’ असं ठळक लिहून ठेवतात, ते साहेबांच्या सहायकाला वाचायला लावा. कपडे जुने घालून जा. दुकानवाले कापडी एप्रन देतात, मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा देतात, पण वास दोन धुण्यांत जात नाही.

बायकोचं पान. टोफू म्हणजे शाकाहारी हा आपला समज तिथे सोडायचा. मापो टोफूत परंपरेनं गोमांसाचा खिमा असतो. चेंगदूच्या उत्तरेला वानफू पुलाजवळ १८६२ च्या सुमारास चेन घराण्याच्या दुकानातल्या, तोंडावर देवीचे व्रण असलेल्या बाईंचा हा पदार्थ, आणि हमालांसाठी होता, तेव्हा खिमा आलाच. हिरव्या शेंगा कोरड्या परततात त्या अप्रतिम, पण त्यातही डुकराचा खिमा टाकण्याची पद्धत आहे. वांग्याचा ‘यूश्यांग’ प्रकार, नाव माशाच्या चवीचं असलं तरी मासा औषधालाही नाही, तिथे पुन्हा तोच खिमा. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, आचारी मोठे तुकडे काढून टाकतो आणि खिमा मसाला म्हणून राहतो. चिनीत एक चिठ्ठी लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये ठेवा : खिमा नको, डुकराची चरबी नको, मांसाचा किंवा हाडांचा रस्सा नको, ऑयस्टर सॉस नको, आणि ‘जीजिंग’ नको. हे शेवटचं म्हणजे कोंबडीच्या चवीची पूड, आपण मीठ टाकतो तितक्या सहज भाजीत टाकतात.

चिठ्ठी दाखवून मग हे मागवा. सुईसारखा बारीक चिरून, धुऊन, व्हिनेगर आणि सुक्या मिरचीवर परतलेला बटाटा. तो कुरकुरीत राहतो, कच्चा राहिला असं समजून परत पाठवू नका. ठेचलेली काकडी लसणीत. टोमॅटो आणि अंडं. डाग पडेपर्यंत भाजलेल्या हिरव्या मिरच्या, व्हिनेगर-सोयात. वाटाण्याचे कोवळे शेंडे. मुगाच्या किंवा वाटाण्याच्या सत्त्वाच्या गार जेलीच्या पट्ट्या, म्हणजे ल्यांगफेन. यांतली निम्मी तरी मिरचीविना येतात आणि कुणाला काही कमी करायला सांगावं लागत नाही.

प्रश्न : मी सांगलीची. आम्ही जैन. मुलगी सिचुआनमध्ये वैद्यकीय शिकते, मी पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे जाते आहे. कांदा, लसूण, कंदमुळं काही चालत नाही. बाहेर खाण्याचा प्रश्नच येत नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : सगळे म्हणतात त्यातलं निम्मं खरं. चीनमध्ये बौद्ध मठांची स्वतंत्र शाकाहारी पाकपरंपरा आहे, आणि त्यात मांस-मासे तर नाहीतच, पण लसूण, कांद्याची पात आणि त्या वर्गातल्या उग्र भाज्याही वर्ज्य आहेत. बाहेर ‘सू’ असं लिहिलेलं दुकान म्हणजे शाकाहारी. चेंगदूत वेन्शू मठाला लागून असं भोजनगृह आहे. मठाच्या आवारातली झाडं आणि चहाघर पाहायलाच लोक जातात, जेवण हा वरचा लाभ. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मात्र जाऊ नका. त्या दिवशी भाविकांचा उपास-शाकाहार असतो आणि रांग रस्त्यापर्यंत येते.

तिथे मेनूवर डुक्कर, मासा, बदक अशी नावं दिसून तुम्हाला दरदरून घाम फुटेल. ते सगळं सोया, गव्हाचं ग्लूटेन आणि टोफूच्या पापुद्र्यांचं. मासळीचा आकार देऊन वर समुद्रशेवाळाची ‘कातडी’ लावतात. मला ही हौस कधी कळली नाही. सासूबाईंनी तर ताटलीकडे पाहून हात जोडले आणि भात-भाजी खाल्ली.

कंदांचं मात्र जपा. बौद्धांना बटाटा, कमळकाकडी, आलं चालतं. आणि एक फसवा पदार्थ : करडी किंवा पांढरी लवचीक, जाळीदार वडी किंवा शेवया, ‘मोयू’ नावाच्या. त्या कोन्याकच्या कंदाच्या, म्हणजे आपल्या सुरणाच्या सख्ख्या भावाच्या. दोन्ही एकाच वनस्पती-प्रजातीसमूहातले. अळंबीही पानोपानी भेटते. त्यामुळे मठाच्या भोजनगृहातही पालेभाज्या, टोफू, कोहळा, भोपळा, वांगी, फरसबी यांच्यावरच बोट ठेवायचं.

एक सोय तुमच्या बाजूची आहे. सगळा चीन बीजिंगच्या घड्याळावर चालतो आणि सिचुआन पश्चिमेला, त्यामुळे सूर्य उशिरा मावळतो. जूनमध्ये चेंगदूत आठ वाजून गेल्यावर, डिसेंबरातही सहाच्या पुढे. चौविहार पाळून संध्याकाळचं जेवण बाहेर सहज होतं. बाकी दिवस मुलीच्या खोलीत छोटी शेगडी असेलच. डाळ-तांदळाचं तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहिते आहे. बांगड्याच्या आमटीला आम्ही तिरफळ घालतो तेच सिचुआनी मिरं, असं एका व्हिडिओत ऐकलं. मग घरी मापो टोफूत तिरफळ घातली तर चालेल का? हॉटेलात जाण्याइतकं जवळ काही नाही.

उत्तर : कूळ तेच, झाड वेगळं. तिरफळ, ह्वाच्याओ दोन्ही झँथोझायलम कुळातली, आणि ते कुळ लिंबू-संत्र्याच्या घराण्यातलं. इतकं की लिंबूवर्गीय झाडांचा एक रोग येईल या भीतीनं अमेरिकेनं ह्वाच्याओच्या आयातीवर १९६८ पासून बंदी ठेवली होती, ती २००५ मध्ये उठली. तेव्हाची तिथली सिचुआनी हॉटेलं काय वाढत असतील देव जाणे!

तिरफळ आकारानं मोठं, त्याचा वास हिरवट, लाकडी, थोडा संत्र्याच्या सालीचा. आपण ते ठेचून आमटीत सोडतो, उकळ आली की पुरे, आणि पानात आलं तर बाजूला काढतो. नारळाच्या रसात आणि तेलकट माशात ते शोभतं. मापो टोफूत घातलंत तर वास चांगला येईल, बधिरपणा कमी पडेल, आणि तेलात जास्त तळलंत तर कडू होईल. माझा सल्ला वेगळा आहे. उत्तराखंडात ‘तिमूर’ नावानं जे मिळतं, नेपाळी लोक लोणच्यात घालतात ते, त्याच जातीच्या झाडाचं फळ सिचुआनात हिरवं ह्वाच्याओ म्हणून वापरतात. कुणी देहरादूनला जाणारं असेल तर मूठभर मागवा. आतलं काळं बी काढून टाका, ते दाताखाली वाळूसारखं लागतं. साल कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, कुटा, चाळा, आणि गॅस बंद केल्यावर वरून पेरा. आधी घातलं तर झिणझिण उडून जाते. सिचुआनातल्या चांगल्या ह्वाच्याओसाठी हान्युआन तालुक्याचं नाव घेतात, तिथला माल पूर्वी बादशहाकडे नजराणा म्हणून जात असे. पण तुमच्या बांगड्याच्या आमटीला तो बिलकूल घालू नका. मी घातला असता तर ती आमटी आमच्या घरी कुणी खाल्ली नसती.

प्रश्न : शेजवान डोसा, शेजवान भेळ, शेजवान वडापाव. हे सगळं चेंगदूत मिळतं का? (एक उत्सुक, दादर)

उत्तर : नाही. १९७३ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन सुरू झालं, त्याच्या आगेमागे सिचुआन हे नाव आपल्या मेनूकार्डांवर आलं. पुढे गाडीवाल्यांनी त्याचं लसूण, लाल मिरची आणि व्हिनेगरचं जे काही केलं त्यात ना ह्वाच्याओ राहिलं ना दोउबान. त्याला चेंगदूच्या माणसानं आपलं म्हणून ओळखावं अशी अपेक्षा करू नका. मला स्वतःला शेजवान डोसा आवडतो.

प्रश्न : नाशिकहून, निवृत्त शिक्षक. आम्ही उभयता पांडा पाहायला आणि लेशानची बुद्धमूर्ती पाहायला सहलीतून चेंगदूला जाणार. मला आम्लपित्ताचा जुना त्रास. सहल कंपनी म्हणते, सगळी जेवणं स्थानिक. उपाशी राहायची वेळ येईल का?

उत्तर : सर, उलट तुम्ही कदाचित सगळ्यांत चांगलं जेवाल. सहलीतले बाकीचे लाल पातेल्याशी झुंजत असतील तेव्हा तुम्ही सिचुआनची जुनी, घरंदाज बाजू खा. चहाच्या पानांवर आणि कापराच्या झाडाच्या लाकडावर धुरावलेलं बदक आहे. पांढऱ्या वालासारख्या दाण्यांबरोबर तासन्‌तास शिजवलेल्या डुकराच्या पायांचं दुधाळ सूप आहे. मांसाहार करत असाल तर हे दोन्ही, आणि मिरचीचं नाव नाही. (सुपाबरोबर तिखट चटणीची वाटी येते ती हातभर लांब ठेवायची.) आणि ‘खायश्वे पायत्साय’, उकळत्या पाण्यातला कोबी. दिसतो अगदी तसाच, स्वच्छ पाण्यात कोवळ्या चिनी कोबीचा गड्डा. पण ते पाणी नाही. कोंबडी, बदक, खारवलेल्या मांडीचं मांस यांचा रस्सा काढून, त्यात मांसाचा लगदा सोडून सगळा गाळ शोषून घेतलेला असतो. दिवसभराचं काम. जो प्रांत मिरच्यांसाठी बदनाम त्याचा मेजवानीतला मानाचा पदार्थ हा, यावर तिथले आचारी फार खूश असतात. साध्या दुकानात मिळत नाही, मिळाला तर महाग.

रोजचं म्हणाल तर सकाळी तांदळाची पातळ पेज मिळते, वाफवलेलं अंडं मिळतं. पेजेबरोबरची लोणची चाखून पाहा, सगळीच तिखट नसतात. दुपार-रात्री भात, टोमॅटो-अंडं, पालेभाजी. सहलीच्या गाइडला पहिल्याच दिवशी ‘मिरची आणि ह्वाच्याओ दोन्ही नको’ असं सांगा. नुसतं मिरची नको म्हटलं तर झिणझिण तशीच राहते. मेजवानीत ‘बायज्यू’ ही धान्याची दारू पुढे करतील. सिचुआन तिच्यासाठी प्रसिद्धच आहे, बाटलीवर ५२ टक्के वगैरे आकडे असतात. तुम्हाला ती नकोच. चहाचा पेला उचला, समोरच्या वडील माणसाच्या पेल्यापेक्षा जरा खाली धरून टेकवा, मान राखला गेला.

प्रश्न : चेंगदूत राहणाऱ्या भाचीकडे जाते आहे (ठाणे). तिच्या मित्रमैत्रिणींना एकदा बाहेर जेवायला न्यावं म्हणते. दुकान कसं निवडायचं, मेनू चिनीत असतो का, आणि टीप किती ठेवायची?

उत्तर : टीप ठेवायची नाही. ठेवलीत तर वाढणारी मुलगी पैसे विसरलात म्हणून रस्त्यापर्यंत धावत येईल.

मेनू बहुधा टेबलावरच्या चौकोनी कोडमध्ये असतो आणि चिनीतच असतो, पण फोटो असतात आणि मोबाइल भाषांतर करून देतो. पैसेही तसेच जातात. आपलं परदेशी कार्ड अलीपे किंवा वीचॅट या तिथल्या पैसे भरायच्या अ‍ॅपला निघण्यापूर्वीच घरी बसून जोडून ठेवा, तिथे विमानतळावर थकलेल्या डोळ्यांनी ते जमत नाही. थोडी रोकडही बाळगा.

दुकानाचं म्हणाल तर चेंगदूला युनेस्कोनं २०१० मध्ये ‘खाद्यसंस्कृतीचं शहर’ असा मान दिला, आशियात पहिल्यांदा. तेव्हापासून पर्यटकांसाठी चकचकीत जुन्या गल्ल्या पुष्कळ झाल्या. तिथे फिरा, फोटो काढा, जेवू नका. गावकरी ज्यांना लाडानं ‘माश्यांची खानावळ’ म्हणतात त्या छोट्या दुकानांत जा. चार-सहा टेबलं, फुटपाथवर ठेवलेली प्लॅस्टिकची स्टुलं, भिंतीवर मेनू, आणि दुपारी बारालाच भरलेली. नावावर जाऊ नका, माश्या नसतात. बाराला पाच मिनिटं कमी असताना पोचा. दीडला आचारी स्वतः जेवायला बसतो.

मुलं भरपूर मागवतील, ते ताटात उरणं पाहुणचाराचं लक्षण मानतात. उरलेलं बांधून न्यायला मात्र आता कुणी लाजत नाही, ‘दाबाओ’ म्हणायचं. खरी अडचण बिलाची. टेबलावर बिल आलं की तिथे अक्षरशः झटापट होते, हात धरतात, मोबाइल हिसकावतात, आणि वयानं लहान मुलंसुद्धा मावशीला पैसे देऊ देणार नाहीत. म्हणून जेवण संपत आलं की हात धुवायचं निमित्त करून उठा आणि गल्ल्यावर जाऊन देऊन टाका. भाचीला आधी सांगू नका, ती फितूर होईल.